नियम सत्तावीस आणि हिंगाची डबी

सांता क्लारा, कॅलिफोर्निया
२ एप्रिल २०२५

ती. श्रीरंगराव यांस,
सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नका, सगळे सुखरूप आहेत. मुद्दाम कागदावर लिहितोय. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की ते उल्काच्या आयपॅडवरही उमटतं, आणि ते बंद कसं करायचं हे तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढूनही मला सापडलेलं नाही. फोन करावा, तर तुमच्याकडे पद्मिनीताई आणि इकडे उल्का, दोघी बहिणी स्पीकर लावूनच बसतात. आपण दोघं साडू एकमेकांशी खासगीत शेवटचं कधी बोललो, मला आठवत नाही.

मुद्दा असा. गेल्या ऑगस्टात रिटायर झालो आणि चौतीस फुटी आरव्ही घेतली, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्यामागची गोष्ट माहीत नसेल. चौऱ्याण्णव साली इथे आलो तेव्हा गाडी नव्हती, बसनं ऑफिसला जायचो. एका संध्याकाळी बसस्टॉपवर उभा असताना समोर सिग्नलला एक आरव्ही थांबली. आत दिवा होता, आणि ओट्याशी एक म्हातारी बाई शांतपणे कपात चहा ओतत होती. घर सिग्नलला थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी ठरवलं होतं, एक दिवस आपणही.

तो दिवस आला, पण उल्काला गाडी आवडलेली नाही. तीन ट्रिपा झाल्या. मला वाटतं, तिला भीती वाटते. शेजारच्या सीटवर बसते आणि सारखा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबत राहते. मॅटला तिथे खळगा पडलाय. गाडी मागे घेताना मी तिला वॉकीटॉकी देऊन पाठीमागे उभी करतो, तर सूचना द्यायच्या सोडून ती कपाळाला हात लावते. मागच्या वेळी पाण्याचा एक नळ आडवा झाला. नळाची जागाच चुकीची होती.

गेल्या रविवारी तिनं निकाल दिला. "जूनमध्ये एक ट्रिप. ती जमली नाही तर गाडी विकायची." रेडमंडहून आमची सिया फोनवर म्हणते, "बाबा, जस्ट बुक अ हॉटेल." माझी बाजू घेणारं घरात कोणी नाही.

म्हणून ही एक ट्रिप चुकून चालणार नाही. तुम्ही आणि पद्मिनीताई आलात तर निम्मं काम होईल. साउथ डकोटातलं ब्लॅक हिल्स तुम्हाला-आम्हाला साधारण मध्ये पडतं. राहायचं कुठे, एवढाच प्रश्न. मी ब्लू हेरन क्लबचा सभासद आहे. त्यांची तिथली जागा स्वच्छ आहे, प्रत्येक गाडीला आखलेला चौकोन, वीज-पाणी-सांडपाण्याची जोडणी हाताशी, फाटकावर माणूस. तुम्ही नेहमी त्या सुट्या, खासगी मालकांच्या जागांवर उतरता. या खेपेला कृपा करून क्लबची बाजू घ्या. तुम्ही तिचे लाडके भावोजी आहात. तुमच्या शब्दाला वजन आहे.

आपला,
रवींद्र

*

इप्सिलँटी, मिशिगन
१४ एप्रिल

प्रिय रवींद्रराव,

पत्र गॅरेजात वाचलं. वर लिफ्टवर एक पिकअप लटकली होती आणि खाली तिचा मालक. तो म्हणाला, "बॅड न्यूज?" म्हटलं, नाही बाबा, एका माणसाची बायको त्याला गाडी विकायला लावतेय. तो जवळ येऊन म्हणाला, "विच गाडी? हाऊ मच?" बघा, गिऱ्हाईक आत्तापासून तयार आहे.

तुमची सिग्नलवरची चहावाली बाई मला फार आवडली. आधी सांगायला काय झालं होतं? मी समजत होतो, तुम्ही ती गाडी मॅन्युअल वाचायला घेतलीत.

आम्ही येणार. पण क्लबची बाजू मी घेणार नाही, आणि त्याला कारण आहे. पाच वर्षांमागं आम्ही एकदा कुणाचे तरी पाहुणे म्हणून तसल्या क्लबात राहिलो होतो. पद्मिनीनं ओली साडी दोन खुर्च्यांवर पसरली. दोन मिनिटं झाली नसतील, गोल्फकार्टमधून एक गृहस्थ आले. "सर, इज दॅट अ फ्लॅग?" मी म्हटलं, हो, इरकलीचा. ते वहीत लिहून घेऊन गेले.

आता माझी जागा ऐका. त्याच ब्लॅक हिल्समध्ये डोरीन नावाची ऐंशीची बाई आहे. बावीस गाड्यांची जागा, सगळी तिची एकटीची. बुकिंग म्हणजे तिला फोन करायचा, ती म्हणते "या". वायफायचा पासवर्ड कोंबड्यांच्या खुराड्यावर खडूनं लिहिलेला. न्हाणीघराच्या एका दाराला कडी नाही, तिथं गाणं म्हणत आंघोळ करायची. पहाटे मालगाडी जाते. मी काहीही लपवत नाही.

आणि एक. आरव्हीच्या भिंती पापडासारख्या पातळ असतात. माझे कान कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. एकेचाळीस वर्षं त्यांच्यावरच पोट भरलं. गाडी फाटकातून आत येते तेव्हाच मी सांगतो, पुढचं डावं चाक. (परवा तुम्ही पार्किंगमधून फोन केलात ना? बेल्ट बदला.) क्लबात नवरा-बायको कुजबुजत भांडतात. मी तीन रात्री ऐकलंय. ते वाईट. डोरीनकडं मोकळ्या गळ्यानं भांडतात. इंजिन आवाज करत असलं की कुठं बिघडलंय ते कळतं. उल्काचं काय बिघडलंय ते मला तिथं एका संध्याकाळीत ऐकू येईल.

आपला,
श्रीरंग

ता. क. रवींद्रराव, मी पद्मिनी. हे पत्र यांनी मला पोस्टात टाकायला दिलं आणि मी ते वाचलं. तुम्ही एकदा उल्काला एवढंच विचारा: आमच्या वडिलांचा, अण्णांचा, हात मोडला होता त्या वर्षी त्यांचा टेम्पो महाडहून भोरला, वरंध घाटातून, कोणी आणला होता? बाकी तुमचं चालू द्या.

*

सांता क्लारा
२९ एप्रिल

ती. श्रीरंगराव यांस,
सा. न. वि. वि.

बेल्ट बदलला. तो खरंच गेला होता.

पद्मिनीताईंचा प्रश्न मी उल्काला विचारला नाही. तो प्रेमाचा आहे हे समजतो, पण सध्या आपला विषय राहण्याच्या जागेचा आहे आणि फाटे फुटू नयेत. ही सगळी पत्रं मी एका फोल्डरमध्ये लावून ठेवतोय. वर "खासगी" असं लिहिलंय.

तुमची डोरीनबाई चांगली असेल. पण ज्या बाईला आधीच गाडीची भीती वाटते तिला कडी नसलेल्या न्हाणीघरात गाणं म्हणायला लावायचं? क्लबात सुरक्षितता आहे, श्रीरंगराव. एकेचाळीस नियम आहेत, आणि ते नुसते कागदावर नाहीत, पाळले जातात. नियम सत्तावीसच बघा. कुठेही गॅसचा वास आला की ज्याला आला त्यानं घंटा वाजवायची. शेगड्या, इंजिनं, दिवे बंद करून सगळी जागा अकरा मिनिटांत रिकामी, मंडळी हिरवळीवर. मॅनेजर मीटर घेऊन फिरतो. ज्याच्या गाडीतून वास आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर, आणि त्याचं सभासदत्व चौकशीवर. कडक आहे, पण अशा ठिकाणी माणूस निर्धास्त झोपतो. मला त्यांनी या मोसमासाठी सेफ्टी व्हॉलंटिअर केलंय. पिवळं जाकीट आलंसुद्धा. उल्का म्हणाली, "आता फक्त शिट्टी राहिली." ती पुढच्या आठवड्यात येतेय.

एक अडचण मात्र खरी. क्लबात दहा वर्षांवरच्या गाड्या घेत नाहीत आणि तुमची "म्हातारी" अठ्ठ्याण्णव सालची आहे. मी मॅनेजरला विनंती केली, फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, गाडी अजून चालते का.

तेव्हा तडजोड अशी: आम्ही दोघं १६ ते १८ जून क्लबात. तुम्ही तोपर्यंत डोरीनकडे. १९ ला आम्ही चाळीस मैलांवर तुमच्याकडे येतो, तीन दिवस सगळे एकत्र. मग उल्काला जे ठिकाण पसंत पडेल ते. दोन्हींतलं एक जरी आवडलं तरी गाडी वाचली.

तिला यातलं काही कळू देऊ नका.

आपला,
रवींद्र

*

इप्सिलँटी
१० मे

प्रिय रवींद्रराव,

माझी म्हातारी चालते का, असं विचारणाऱ्या त्या मॅनेजरला माझा नमस्कार सांगा. सांगा की ती चालते, आणि क्लबातल्या अर्ध्या गाड्या ओढून आणण्याइतका दम तिच्यात अजून आहे.

तडजोड मंजूर. तीन दिवस तुमचे, तीन माझे. मी क्लबला नावं ठेवणार नाही. उल्काला फोनवर म्हणालोसुद्धा, "क्लबात मजा आहे हो, माणसं शिस्तीची आहेत." ती म्हणाली, "भावोजी, तुम्हाला ताप आहे का?"

नियम सत्तावीस फार आवडला. दोनदा वाचला. अकरा मिनिटं म्हणजे कमाल आहे.

उल्काच्या नावानं एक छोटं पार्सल धाडलंय. सांगलीहून माझ्या पुतण्यानं आणलेला खडा हिंग, अस्सल, तीन पिशव्यांत बांधून वर पत्र्याच्या डबीत. तुमच्या तिथं मिळते ती पिवळी पावडर नुसतं पीठ असतं. तिला म्हणावं, क्लबात पहिल्या संध्याकाळी मोकळ्या हवेत बाहेरच्या शेगडीवर आमटी करा, आणि फोडणीत हात आखडू नका. प्रवासात वरण-आमटीसारखं सुख नाही. बाई एकदा मनासारखं जेवली की तिला जागा आपोआप आवडते.

तुमच्या भल्याचंच सांगतोय.

आपला,
श्रीरंग

ता. क. रवींद्रराव, हिंग पाठवायला मी सांगितलेलं नाही. हे स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले आणि डबी शोधून काढली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, आजवर यांना साखरेचा डबा सापडलेला नाही. मला काही बरं लक्षण दिसत नाही. पद्मिनी.

*

डुलुथच्या अलीकडे, मिनेसोटा
२२ जून

ती. श्रीरंगराव यांस,
सा. न. वि. वि.

१९ तारखेला येऊ शकलो नाही याबद्दल मनापासून दिलगीर आहे. क्लबात पहिल्याच संध्याकाळी गॅससंबंधी एक किरकोळ तांत्रिक अडचण उद्भवली, त्यामुळे मुक्काम आटोपता घ्यावा लागला. त्यानंतर कार्यक्रमात काही बदल झाले. उल्कानं पद्मिनीताईंना फोनवर कळवलं आहे असं ती म्हणते. प्रकृती उत्तम. हवा छान आहे.

क्लबबद्दल सध्या काही लिहीत नाही. शिट्टी त्यांना परत केली आहे.

अक्षर हलतंय, माफ करा. रस्ता खराब आहे.

आपला,
रवींद्र

*

(त्याच पाकिटात)

डुलुथ, २२ जून, संध्याकाळ

भावोजी,

नमस्कार. यांनी पाकीट चिकटवून मला दिलं, "पोस्टात टाक" म्हणून. मी ते उघडून माझाही कागद घालतेय. आमच्याकडे पत्रपेटीची किल्ली एकतीस वर्षं माझ्याच पर्समध्ये आहे, हे तुम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही. आणि ज्या फोल्डरवर "खासगी" लिहून तो जेवणाच्या टेबलावर ठेवतात, तो वाचायचा नाही तर काय करायचं? एप्रिलपासून मी तुमचं सगळं वाचतेय. फार मजेत गेले दोन महिने.

"किरकोळ तांत्रिक अडचण" म्हणजे काय, ते आता ऐका.

सोळा तारखेला चार वाजता आम्ही पोचलो. चौकोनात गाडी लावायला चाळीस मिनिटं लागली. दोन शेजारी खुर्च्या घेऊन बघायला बसले होते. मग हे पिवळं जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून फेरी मारायला गेले, आणि मी बाहेरच्या शेगडीवर आमटी टाकली. तुमची डबी उघडली. पहिली पिशवी सोडली, दुसरी सोडली, तिसरी सोडताना मला कळलं की भावोजींचा काहीतरी डाव आहे. गॅसला मुद्दाम जो वास लावतात तो आणि खडा हिंग सख्खे भाऊ आहेत, हे मला माहीत आहे. एकेचाळीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला माहीत नसेल?

डबी बंद करता आली असती. केली नाही. का, ते पुढे सांगते. चांगला बोराएवढा खडा घेतला, कुटला, तेलात टाकला. काय फोडणी झाली, भावोजी!

पाचव्या मिनिटाला तिकडे तळ्याच्या बाजूनं शिट्टी वाजली. मग घंटा. कोणी वाजवली असेल? आमच्याच सेफ्टी व्हॉलंटिअरनं. यांना शंभर यार्डांवरून वास आला आणि नियमाप्रमाणे यांनी पहिली घंटा दिली.

मग काय विचारता. चाळीस गाड्यांतून माणसं बाहेर. एक बाई केसांना रोलर लावलेली, एक गृहस्थ पोपटाचा पिंजरा कवटाळून, एक जण टबमधून उठून टॉवेलवर. सगळे हिरवळीवर. मीही गॅस बंद करून, पातेल्यावर झाकण ठेवून त्यांच्यात जाऊन उभी राहिले. मॅनेजर मीटर घेऊन निघाला, हे त्याच्या पुढे नाक वर करून, "धिस वे, धिस वे" करत. पहिली रांग झाली, दुसरी झाली. तिसऱ्या रांगेत दोघं वळले, आणि आमच्या टेबलापाशी येऊन थांबले.

यांनी झाकण उचललं. मग माझ्याकडे पाहिलं.

आता एक जुनी गोष्ट सांगते, जी पद्मिनीअक्कालाही माहीत नाही. लग्नानंतर आम्ही सनीव्हेलला दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा शेजारणीनं वासाची तक्रार केली होती. इमारतीच्या मॅनेजरची चिठ्ठी आली. यांनी ती दोनदा वाचली आणि मला म्हणाले, "हिंग घालू नकोस, उगाच कटकट." वाईट बोलले नाहीत, हळूच बोलले. पण त्या दिवसापासून तीस वर्षं मी चिमूटसुद्धा नाही, चिमटीच्या टोकावर हिंग घेऊन स्वयंपाक केला. स्वतःचं घर झालं तरी तसाच केला. तो हिशेब त्या संध्याकाळी तेलात पडला. मला बघायचं होतं, आता हा माणूस काय करतो.

मला वाटलं, खरं सांगेल. हा माणूस खरंच सांगतो. विमानतळावर कोणी विचारलेलं नसताना आईच्या हातची लोणच्याची बरणी अधिकाऱ्यापुढे ठेवणारा माणूस आहे हा. मी तर डबी हातात घेऊन तयार होते, मॅनेजरच्या नाकाखाली धरायला.

तेवढ्यात हिरवळीवरचं कोणीतरी म्हणालं, "इज इट दॅट पॉट? व्हॉट इज शी कुकिंग?" चाळीस घरची माणसं माझ्या पातेल्याकडे बघायला लागली. यांनी ते ऐकलं. झाकण परत ठेवलं. आणि भावोजी, आपल्या जाकिटाची चेन खालपर्यंत ओढून, जाकीट काढून मॅनेजरच्या हातात दिलं आणि म्हणाले, "द पॉट इज फाइन. माय रेग्युलेटर वॉज लूज. आय हॅव टाइटन्ड इट. माय फॉल्ट."

मीटर शून्य दाखवत होता, पण मॅनेजरनं फॉर्म काढला. यांनी सही केली. उद्या सकाळी बाहेर, सभासदत्व चौकशीवर. सगळं स्वतःच्या नावावर, एका शब्दानं वाद न घालता. लोक पांगल्यावर टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "वाढ."

तीन वाट्या आमटी प्यायले. नंतर तो पोपटवाला विचारत आला, तोही दोन वाट्या प्यायला. खाली वाटी ठेवून हे म्हणाले, "उल्का, इतकी वर्षं आमटी अशी का लागत नव्हती?" मी म्हटलं, आठवून बघा. वाटी पुन्हा उचलून तिचा वास घेतला. मग म्हणाले, "सनीव्हेल." त्यांना आठवतं की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

मग मी निकाल दिला. गाडी विकायची नाही.

पण, म्हटलं, चालवणार मी.

त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. म्हणे, "तुला तर भीती वाटते ना?" भीती! तो मॅटवरचा खळगा ब्रेकचा आहे हो, भावोजी. हा माणूस प्रत्येक वळणावर दोन सेकंद उशिरा ब्रेक मारतो आणि माझा पाय ते सोसत नाही. एकोणिसाव्या वर्षी अण्णांचा टेम्पो वरंध घाटातून कोणी आणला? भर धुक्यात, मागे कांद्याची पोती आणि शेजारी एका हाताला प्लॅस्टर बांधलेले अण्णा. मला गाडीचा कंटाळा कधीच नव्हता. तिच्यात चढून उजव्या सीटवर नुसतं बसायचा कंटाळा होता. क्लब की डोरीन, यावर तुम्ही दोघांनी दोन महिने शाई घालवलीत. गाडी कुठे लावायची हे तुम्ही भांडून ठरवत होतात. कोणी लावायची, हे एकानंही विचारलं नाही. अक्कानं तर स्वतःच्या हातानं ते पत्राखाली लिहून दिलं होतं.

आणि तुम्ही म्हणे आवाजावरून पुढचं डावं चाक ओळखता! एक वर्ष फोनवर मी तुम्हाला सांगतेय, "काय, आहे आपली बसलेली." तेव्हा कुठे गेले होते कान?

डोरीनकडे मुद्दाम आले नाही. तुम्ही खुर्ची टाकून बसला असता, "थोडं डावीकडं, उल्का, थोडं डावीकडं." मला आठ दिवस कोणाच्या नजरेशिवाय ही गाडी हातात बसवायची होती. अक्काला सगळं सांगितलं होतं, आणि तिनं तीन दिवस तुमच्यासमोर तोंडाला पदर लावून काढले म्हणे. साउथ डकोटा, मग मिनेसोटा. हे शेजारी बसून पत्रं लिहितात. रस्ता खराब नाही, भावोजी. यांना चालत्या गाडीत लिहायची सवय नाही.

चौकशीचं पत्र येईल तेव्हा येईल. हे म्हणाले, क्लबनं काढलं तर काढलं. मग स्वतःच म्हणाले, पण त्यांची न्हाणीघरं फार स्वच्छ होती हो. काही दिवस लागतील.

आता मुद्दा. शनिवारी २८ तारखेला आम्ही तुमच्याकडे येतोय. गॅरेजमागच्या अंगणात जागा करून ठेवा. तुमचं फाटक अकरा फूट आहे आणि ही गाडी साडेआठ. अक्कानं टेपनं मोजून सांगितलंय. मी मागं घेऊनच आत आणणार. कोणी सूचना द्यायची नाही.

हिंग शिल्लक आहे.

तुमची मेहुणी,
उल्का

*

(गॅरेजमागच्या फाटकाला दोन चिकटपट्ट्यांनी लावलेला कागद)

इप्सिलँटी, शनिवार, २८ जून

सौ. उल्का यांस आणि त्यांच्यासोबतच्या प्रवाशास,

स्वागत. ही जागा क्लबची नाही आणि डोरीनचीही नाही. वीज डावीकडच्या खांबावर. पाण्याचा नळ काल उपटून आठ फूट मागं सरकवलाय, कारण रवींद्ररावांचा आणि नळांचा इतिहास आहे. गाडी कोणी का चालवत असेना, धोका कशाला पत्करायचा. न्हाणीघराला कडी आहे.

हिंगाबद्दल: होय. मला वाटलं होतं, क्लबवाले तुम्हाला पहिल्याच दिवशी बाहेर काढतील आणि तुम्ही थेट माझ्याकडं याल. रवींद्रराव स्वतः घंटा वाजवतील, हे मात्र मला सात जन्मांत सुचलं नसतं. आणि जाकीट काढून देतील, हेही. साडूभाऊ, तुमच्या सहीला माझा मुजरा. त्या मॅनेजरला उद्या मी स्वतःच्या हातानं खरं काय ते लिहितो आणि सोबत एक खडा पाठवतो. तुम्हाला परत आत घ्यायचं की नाही, ते मग वास घेऊन ठरवतील.

कानांबद्दल: ऐकलं होतं, उल्का. "आहे आपली बसलेली" हे मी वर्षभर ऐकलं, आणि ते मला पद्मिनीच्या तोंडूनही इतकी वर्षं ऐकू येतं की तो घराचाच आवाज वाटत होता. आज दुपारी तिच्या हातात म्हातारीची किल्ली दिलीय. ती म्हणाली, "आत्ता? भात लागेल." म्हटलं, लागू दे.

या जागेला नियम एकच आहे:

१. गाडी मागे घेताना कोणीही, कोणत्याही भाषेत, बाईंना सूचना देऊ नये.

श्रीरंग

ता. क. उल्के, यांना मी आत कोंडलंय. खिडकीपाशी डोळे मिटून बसलेत, म्हणतात आवाजावरून सांगतो कशी लावतेय. तू निवांत ये. माझी म्हातारी आधीच बाहेर काढून कडेला लावलीय. मीच काढली. अक्का.